दोन वाटांचं नेट आणि एक सामाईक सातबारा

ती बाई तिसऱ्यांदा आली तेव्हा दुकानात शिरलीच नाही. पायातली चप्पल तशीच ठेवून, पिशवी काखेत धरून उंबऱ्याबाहेर उभी राहिली आणि म्हणाली, "आज मी अंगठा देनार नाही. आधी मले सांगा, एकाच कागदाले तीन-तीन डाव अंगठा काऊन लागते?"

आत बाकावर तिचा धाकटा भाऊ बसला होता. त्याने मान वर केली नाही. रांगेतली दहा-बारा माणसं माझ्याकडे बघायला लागली. तिला काहीतरी सांगायला हवं होतं आणि मला काही माहीतच नव्हतं. गेले बारा दिवस मी स्वतःला तेच विचारत होते.

धाड गावात, बसस्टँडपासून हाकेच्या अंतरावर माझं ऑनलाइन अर्ज भरून द्यायचं दुकान. माहेर बुलढाण्याचं, वडील कचेरीत कारकून. लग्न होऊन धाडला आले तेव्हा मला टायपिंग येत होतं, तेवढंच. सासऱ्यांनी रस्त्याकडची खोली मोकळी करून दिली. आधी टायपिंगचं मशीन, मग झेरॉक्स, मग कॉम्प्युटर. होता होता गावातलं प्रत्येक सरकारी काम कॉम्प्युटरवर गेलं आणि सातबारा, दाखले, परीक्षेचे अर्ज, रेशनकार्डावरची नावं असं सगळं माझ्या टेबलावर येऊन पडलं. नवरा दुसऱ्या गावी शाळेवर. तो रविवारी घरी असायचा. बाकी दिवस दुकान माझं एकटीचं.

या धंद्यात नेट गेलं की सगळं गेलं. सुरुवातीला माझ्याकडे टेलिफोनच्या तारेतून येणारं नेट होतं. महिन्याचे पैसे ठरलेले, पण ठरावीक जीबी संपले की ते असं रांगायचं, की एक सातबारा उघडेपर्यंत माणूस चहा पिऊन परत यायचा. वीस तारखेच्या आसपास ते हमखास संपायचं. म्हणून मी दुसरं घेतलं, टॉवरवरून येणारं. गच्चीवर परातीएवढी ताटली बसवली. ते नेट पळायचं, पण वीज किंवा गॅससारखं, जितकं वापराल तितकं बिल. तार रांगायला लागली की मी सगळी कामं टॉवरवर टाकायचे, आणि एका महिन्यात त्या बिलाने दुकानाची सगळी कमाई खाल्ली. नवऱ्याने कागद हातात घेऊन विचारलं, "एवढं काय पाहिलंस तू नेटवर?" मी काय पाहणार? लोकांचे सातबारे.

यावर तोड सुचवली चाचांनी. चाचा टेलिफोन एक्स्चेंजमधून लाइनमन म्हणून रिटायर झालेले. बाजारामागे राहायचे आणि गावात कुठेही तार जोडायची असली की लोक त्यांनाच बोलवायचे. माझ्या दुकानातलं झेरॉक्सचं मशीन सोडलं तर प्रत्येक वायर त्यांच्या हातची. ते म्हणाले, "बेटा, दोन नेट हायेत तं दोन्ही संगं चालव ना. एक संपल्यावर दुसरं, असं काऊन करतं? एक डब्बा येतो. दोन्ही तारा त्याच्यात घालायच्या. तो काम वाटून देतो. चारातले तीन हिस्से टेलिफोनच्या तारेवर, एक हिस्सा टॉवरवर. तार महिनाभर पुरन, आन् टॉवरचं बिल बी आटोक्यात."

बुलढाण्याहून मी तो डबा आणला. चाचांनी भिंतीवर खिळे ठोकून बसवला. समोर दोन हिरवे दिवे लागले, एक तारेचा, एक टॉवरचा. पहिल्या महिन्यात टॉवरचं बिल निम्म्याच्या खाली आलं आणि तारही एकतीस तारखेपर्यंत पुरली. मी चाचांच्या घरी शेवया पाठवल्या, तर त्यांनी उलट डबाभर शीरखुर्मा पाठवला. मला वाटलं, नेटची कटकट संपली.

मग बोंडअळीचं वर्ष आलं. बीटीच्या कपाशीला अळी लागत नाही म्हणायचे, म्हणून आमच्याकडे घरोघर तेच बियाणं. त्या वर्षी झाडं चांगली उभी, बोंडं भरलेली, आणि बोंड फोडलं की आत गुलाबी अळी आणि किडकी, पिवळी पडलेली सरकी. माणसं पिशवीतून बोंडं आणायची आणि माझ्या टेबलावर फोडून दाखवायची, जणू माझी खात्री पटली की अर्ज लवकर जाईल. सरकारने नुकसानीचे अर्ज ऑनलाइन भरायला सांगितले. मोबाइलवर आलेला आकडा घालायचा, गट नंबर घालायचा, आणि शेवटी सातबाऱ्यावर जितकी नावं तितक्यांनी छोट्या मशीनवर अंगठा ठेवायचा. सगळ्यांचे अंगठे उमटले की पावती निघायची.

पहिल्या दिवशीच काहीतरी विचित्र व्हायला लागलं. अर्ज सरळ भरला जायचा, आकडा यायचा, गट नंबर यायचा, आणि अंगठा ठेवला की पडद्यावर एकदम पहिलं पान. 'पुन्हा लॉगिन करा.' परत सगळं भरायचं. कधी दुसऱ्या वेळी जायचा, कधी पाचव्या वेळी, कधी दिवसभर नाही. सगळ्यांचंच असं झालं असतं तरी समजलं असतं. एकाचा अर्ज पाच मिनिटांत, आणि त्याच्याच बांधाला लागून शेत असलेल्याचा सकाळपासून संध्याकाळपर्यंत अडकलेला.

नेट बंद असतं तर मी दुकान बंद करून बसले असते. पण नेट छान होतं! सातबारा उघडत होता, दाखले निघत होते, वेग मोजून पाहिला तर आधीपेक्षा जास्तच. बाकी सगळं धडधाकट आणि हा एकच अर्ज आजारी. मी अंगठ्याचं मशीन बदललं. कॉम्प्युटर पुसून नव्याने सगळं भरलं. डब्याच्या कंपनीला फोन केला, त्यांनी डबा बंद करून चालू करायला सांगितला. दुसऱ्यांदा फोन केला, तेव्हाही तेच.

लोकांनी आपापली कारणं शोधली. कापूस वेचून बोटं फाटली म्हणून असं होतं, असं एक जण म्हणाला, तर दुसऱ्या दिवशी चार जण हाताला खोबरेल लावून आले आणि मशीनची काच तेलकट करून गेले. कोणी म्हणालं डावा अंगठा द्या. कोणी म्हणालं सामाईक खातं असलं की होतच नाही, मुद्दाम तसं ठेवलंय. मी हसत नव्हते. मला स्वतःला वाटायला लागलं होतं, की खुर्ची खिडकीकडे फिरवली की अर्ज जातो. दोन दिवस मी खिडकीकडे तोंड करून बसले होते, हे आज सांगायला लाज वाटते.

ती दोघं बहीण-भाऊ यात सापडली. भाऊ गावातलाच, पन्नाशीचा, कमी बोलणारा. बहीण त्याच्याहून सात-आठ वर्षांनी मोठी, मेहकरला दिलेली. बाप गेल्यावर शेतावर दोघांची नावं लागली होती. कसत भाऊच होता. सामाईक सातबारा, म्हणजे दोघांचे अंगठे. मेहकरहून ती एक बस चिखलीपर्यंत आणि तिथून दुसरी बस धाडपर्यंत, अशी आली. पहिल्या दिवशी चार वेळा अंगठा दिला, चारही वेळा पहिलं पान. शेवटची बस चुकेल म्हणून ती गेली. भावाच्या घरी थांबली नाही, हे माझ्या लक्षात आलं.

दुसऱ्यांदा आली तेव्हा भाऊ बाहेर तंबाखू मळत उभा होता. मी तिसऱ्यांदा तिचा अंगठा मशीनवर ठेवत होते, तेव्हा ती हळूच म्हणाली, "ताई, तुमी बी बाईमानूस हाये म्हनून इचारते. हे हक्कसोडाचं तं नाही ना?"

"नाही हो मावशी, हा नुकसानीचा अर्ज आहे."

"दोन साल झाले. हा मेहकरले आला व्हता, कागद घेऊन. म्हने सही कर, बँकेचं हाये. माह्या पोरीनं वाचला तं हक्कसोडाचा निघाला, शेतातला माहा हिस्सा सोडल्याचा. तवापासून आमचं येनंजानं बंद हाये." तिने आपल्या अंगठ्याकडे पाहिलं. "आन् आता एकाएकी फोन करते, बाई ये, अंगठा दे. बाकी लोकायचा एक डाव घेतला. माहा आज तिसरा डाव."

मी तिला पुन्हा सांगितलं, नुकसानीचाच आहे. पडद्यावर पहिलं पान आलं होतं. ती त्या पानाकडे बघत होती. तिला वाचता येत नव्हतं, पण अर्ज पुढे जात नाही, तोच अंगठा पुन्हा पुन्हा मागितला जातो, एवढं तर दिसत होतं. घेतलेले अंगठे जातात कुठे, असं तिने विचारलं असतं तर मी काय सांगणार होते? मलाही ते माहीत नव्हतं.

म्हणून तिसऱ्यांदा ती उंबऱ्याबाहेर उभी राहिली. मी म्हणाले, "मावशी, खरं सांगते, मलाच कळत नाहीये असं का होतंय."

"तुमाले कळत नाही तं तुमी इथं बसता काऊन?" ती म्हणाली. कोणी हसलं नाही.

भाऊ उठला. त्याचा राग बहिणीवर नव्हता, माझ्यावर होता. "मॅडम, शेजारच्याचा गेला, त्याच्या शेजारच्याचा गेला. माहाच काऊन अडकते? तुमी दोघी बाया मागच्या डावाले गुपचूप बोलत व्हत्या, मी पाह्यलं. तुमीच तिले काही सांगतलं असन."

"ते तं तुह्याच गावच्या हायेत," बहीण बाहेरून म्हणाली. "मले काय सांगतीन त्या? तुह्या बाजूनंच बोलतीन."

दोघांचाही संशय माझ्यावरच, आणि दोघांची कारणं एकमेकांच्या उलट. मी मधे उभी. ती वळली आणि स्टँडकडे चालायला लागली. भाऊ तिच्यामागे दहा पावलं गेला, थांबला आणि घराकडे वळला. अर्जाची शेवटची तारीख नऊ दिवसांवर होती.

त्या दिवसापासून मी वही ठेवली. प्रत्येक अर्जासमोर वेळ लिहायची आणि गेला की नाही ते. दोन दिवस लिहून काही उलगडलं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी वारं सुटलं आणि गच्चीवरची ताटली फिरली. डब्यावरचा टॉवरचा दिवा लाल झाला. मी कपाळावर हात मारला, एवढ्या गर्दीत आता एकच तार राहिली म्हणून. चाचांना निरोप पाठवला आणि येतील तोवर हळूहळू काम चालू ठेवलं. चाचा दुपारी आले, गच्चीवर जाऊन ताटली सरळ केली, दिवा हिरवा झाला. त्यांच्यासमोर मी अर्ज भरायला घेतला, तो अडकला. दुसरा अडकला. तिसराही.

मी वही उघडली. ताटली फिरल्यापासून सरळ होईपर्यंत अकरा अर्ज. अकराच्या अकरा पहिल्या फटक्यात गेलेले. मला ते गर्दीत जाणवलंही नव्हतं.

"चाचा," मी म्हणाले, "टॉवर बंद होता तेव्हा सगळे गेले."

चाचांना राग आला. "मतलब मैंने बसवलेलं खराब हाये?"

"तसं नाही. तुम्ही एकदा टॉवरची तार उपटा बरं."

त्यांनी तार उपटली. पुढच्या माणसाचा अर्ज भरला, गेला. तार जोडली, अडकला. उपटली, गेला. मग मी म्हटलं, आता उलटं करू. टॉवर ठेवला आणि टेलिफोनची तार उपटली. गेला! म्हणजे तार चांगली आणि टॉवरही चांगला. रांगेतली माणसं आपला अर्ज विसरून आमच्याकडे बघत होती. "आता उपटा चाचा," "आता राहू द्या," असा सल्ला द्यायला लागली.

चाचा शेवटी स्टुलावर बसले. "एक बंद असलं तं काम चालू. दोन्ही चालू असले तं काम बंद. बेटा, पूरी जिंदगी तारा जोडल्या मी, असा उल्टा हिसाब कधी नाही पाह्यला."

मी तिसऱ्यांदा डब्याच्या कंपनीला फोन लावला. या वेळी एक मुलगी होती, आवाजावरून पुण्याकडची. ती पुन्हा डबा बंद-चालू करायला सांगणार, तेवढ्यात मी तिला वहीतलं सगळं वाचून दाखवलं. तिने ताटली फिरल्याची वेळ पुन्हा विचारून घेतली. मग अगदी सहज म्हणाली, "मॅडम, तुमचा पत्ता मध्येच बदलत असणार."

"कोणता पत्ता? दुकान तर इथेच आहे."

"नेटवरचा पत्ता. प्रत्येक लाइनचा वेगळा असतो. तुम्ही लॉगिन करता तेव्हा डबा तुम्हाला एका लाइनने पाठवतो. अंगठा पाठवताना त्याला वाटतं आता दुसऱ्या लाइनची पाळी, म्हणून तो तिकडून पाठवतो. समोरच्या वेबसाइटला दिसतं, की आत आलेला माणूस एका पत्त्यावरचा आणि अंगठा देणारा भलत्याच पत्त्यावरचा. कोणीतरी घुसलंय असं समजून ती दोघांनाही बाहेर काढते. ज्यांची सगळी पानं योगायोगाने एकाच लाइनने गेली, त्यांचेच अर्ज पूर्ण झाले."

 बिल वाचावं म्हणून मी काम दोन वाटांवर वाटून दिलं होतं, आणि त्या वाटणीत एक माणूस अर्धा इकडून आणि अर्धा तिकडून जात होता. पोचल्यावर त्याला कोणी ओळखत नव्हतं. शिवाय एकेक अर्ज पाच-पाच वेळा भरण्यात दोन्हीकडचे जीबी उडत होते ते वेगळेच.

त्या मुलीने उपायही सांगितला. डब्याच्या आत एक पान असतं, तिथे एखाद्या वेबसाइटला कायमची एकच वाट ठरवून देता येते. चाचांनी चष्मा लावून, मी एकेक अक्षर सांगत गेले तसं, त्या अर्जाच्या साइटचं नाव तिथे टाकलं आणि तिला टेलिफोनची तार नेमून दिली. बाकीचं काम पूर्वीसारखं, तिनास एक. दोन्ही दिवे हिरवे राहिले आणि अर्ज जायला लागले. चाचा म्हणाले, "इतनी सी बात!" पण मला ती इतकीशी वाटत नव्हती. मेहकरची बाई अजून बाहेरच होती.

भावाचा फोन ती उचलत नव्हती. मी माझ्या फोनवरून लावला. "मावशी, माझ्या मशीनची चूक होती, सापडली. तुमच्या भावाने काही केलं नव्हतं."

"मशीनची?" ती म्हणाली. "मंग आता चौथ्या डावाले यावं लागते का?"

"नाही. मीच येते तुमच्याकडे. तुमच्या मुलीला घरी थांबायला सांगा. ती सगळं वाचेल, तेव्हाच अंगठा द्या."

रविवारी नवऱ्यावर दुकान सोपवून मी लॅपटॉप, अंगठ्याचं मशीन आणि रिचार्ज मारलेला एक डोंगल पिशवीत घातला. भावालाही यायला सांगितलं होतं, तो स्टँडवर आधीच उभा. इस्त्रीचा सदरा घातलेला. चिखलीला बस बदलायची होती. अर्धा तास होता म्हणून आम्ही चहा घेतला. कपाकडे बघत तो म्हणाला, "मॅडम, तो पयला कागद हक्कसोडाचाच व्हता. मी खोटं नाही बोलत."

त्याने कप खाली ठेवला.

"काही बी काम काढलं की तिची सही. इहिरीची मोटर घ्या, तिची सही. दोन बसा करून जा, दोन बसा करून या. कटाळलो मी. कोनी तरी म्हने, हक्कसोड करून घे, मोकळा हो. मले वाटलं, तिले कुठं शेत पाह्यजे? तिनं कधी मांगतलं नाही." मग थोड्या वेळाने, "पन सांगून घ्याले पाह्यजे व्हता. बँकेचा म्हनून नाही."

मेहकरला तिचं घर देवळाकडच्या गल्लीत. मुलगी शिवणकाम करायची, दारातच मशीन होतं. तिने कपडे बाजूला सारून लॅपटॉपला जागा केली. भाऊ दाराशी बसला. मी अर्ज उघडला आणि मुलगी एकेक ओळ मोठ्याने वाचायला लागली. गावाचं नाव, गट नंबर, पीक कपाशी. आई भिंतीला टेकून ऐकत होती. एका ओळीवर मुलगी थांबली आणि हळू आवाजात वाचलं, "हक्काचा प्रकार."

बाई ताठ झाली. "हक्क म्हनलं ना तू आता?"

 इतक्या अर्जांत ही ओळ मी भरली होती आणि एकदाही तिच्याकडे पाहिलं नव्हतं. मी म्हणाले, "मावशी, तुमचा हक्क कोणत्या प्रकारचा आहे, ते लिहायचं आहे. सोडायचा नाही. तुमचा हक्क आहे म्हणून तर तुमच्या अंगठ्याशिवाय हा अर्ज जात नाही. हे बघा, इथे तुमचं नाव, इथे त्यांचं. दोघांचं सारखंच."

"कोठी हाय माहं नाव?"

मुलीने पडद्यावर बोट ठेवलं. बाई गुडघ्यावर पुढे सरकली आणि त्या अक्षरांकडे बराच वेळ बघत राहिली. "सारखंच?" तिने विचारलं.

"निम्मं-निम्मं."

भाऊ दारातून बाहेर गल्लीत बघत होता. तिने पदराने अंगठा पुसला आणि मशीनवर ठेवला. मग भावाने. एकच डोंगल होता, एकच वाट. पावती पडद्यावर आली आणि माझ्या तोंडून मोठ्याने "गेला!" असं निघालं, इतकं की शेजारीण डोकावून गेली.

तिने जेवायला वाढलं. मला आणि मुलीला ठेचा वाढला, भावाच्या ताटात नाही. तो तिच्याकडे बघायला लागला, तेव्हा ती त्याला न बोलता मला म्हणाली, "त्याच्या पोटाले सोसत नाही, लहानपनापासून." तो खाली मान घालून जेवला. जाताना कोणी कोणाला ये म्हणालं नाही.

गोष्ट इथे थांबली असती तर मी ती आनंदाने सांगितली असती. काही महिन्यांनी पैसे आले, फार नाहीत. दोघांच्या खात्यावर वेगवेगळे, सारखे. आजवर जे काही यायचं ते भावाच्या खात्यावर यायचं. ती पुढच्याच महिन्यात मुलीला घेऊन धाडला आली, सरळ दुकानात शिरली, चप्पल बाहेर काढली आणि म्हणाली, "ताई, माह्या निम्म्याचा येगळा सातबारा कराले काय लागते?"

मी तिला अर्जाचा कागद दिला. द्यायला नको होता का? माझं कामच ते. ती विचारत होती ते तिच्या हक्काचं होतं आणि ते तिला मीच बोट दाखवून सांगितलं होतं. पण कागद देताना मला चिखलीचा तो चहा आठवला. मोजणी झाली, मधून बांध पडला, विहीर सामाईक राहिली. तिने आपला तुकडा बटाईने दुसऱ्याला कसायला दिला, कपाशी लावू नको म्हणून बजावून. भाऊ माझ्या दुकानासमोरून जाताना रस्त्याची पलीकडची बाजू धरायला लागला. एकदा बाजारात त्याची बायको भेटली. मी हसले, तर ती म्हणाली, "तुमचं मशीन दुरुस्त झालं ना मॅडम? बरं झालं." ती टोमणा मारत होती की खरंच विचारत होती, मला आजही कळलेलं नाही.

मी चाचांना विचारलं, मी चुकले का. चाचा डब्यावरची धूळ फुंकत होते. म्हणाले, "मले तं तारेचं पूस बेटा. मानसायचं मले कुठं समजते."

कधी वाटतं, पहिल्याच दिवशी अर्ज एका फटक्यात गेला असता, तर ती अंगठा देऊन परत गेली असती. ना संशय, ना मेहकरची खेप, ना 'हक्काचा प्रकार'. शेत अजून एकत्र असतं आणि तिला आपलं नाव कुठे लिहिलंय ते ठाऊक नसतं. यातलं कोणतं बरं? नवरा म्हणतो, तू फार विचार करतेस. चाचा म्हणतात, डबा जुना झाला, नवा घे.

दोन वर्षांनी भाऊ पुन्हा दुकानात यायला लागला. दुसरीकडे जाऊन पाहिलं असावं, किंवा राग ओसरला असावा.  आता दोघांचे सातबारे वेगळे, अर्ज वेगळे. दरवर्षी पिकाच्या विम्याचा अर्ज भरायला तो येतो आणि ती मेहकरहून येते, वेगवेगळ्या दिवशी. अंगठा देऊन झाला की तो उठतो, दारापर्यंत जातो आणि मागे न वळता विचारतो, "बाईनं भरला का?" तीही पावती घडी करून कमरेला खोचताना विचारते, "त्यानं भरला का? तारीख जाईन नाही तं त्याची." भरला असेल तर मी भरला म्हणते. नसेल तर नाही म्हणते. मग दोन-तीन दिवसांत दुसऱ्याचा पाय दुकानाला लागतोच. निरोप कसा पोचतो, कोण फोन करतं, हे मी अजून विचारलेलं नाही.